अमरावतीचा मंडप : दोन भाषणे आणि एक राहून गेलेले भाषण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अकोला येथे दिलेले व्याख्यान)



स्वातंत्र्यलढ्यातील प्रेरणादायी भाषणांचा विषय निघाला की ८ ऑगस्ट १९४२ ची गोवालिया टँक मैदानावरील रात्र आठवते. त्यामागोमाग १९१६ साली बेळगाव व अहमदनगर येथे झालेली लोकमान्य टिळकांची स्वराज्यावरील व्याख्याने आठवतात. हे योग्यच आहे. परंतु या दोन्ही प्रसंगांच्या बऱ्याच आधी, राष्ट्र हा शब्द कोणत्याही कायद्याला वा दप्तराला ठाऊक नसताना, वऱ्हाडच्या भूमीवर झालेल्या एका भाषणाने त्या शब्दात प्राण ओतला. खुद्द वऱ्हाडात त्याची आठवण आज क्वचितच निघते. म्हणून डिसेंबर १८९७ मधील अमरावतीच्या त्या मंडपात आज पुन्हा एकदा डोकावणे अगत्याचे आहे.

राष्ट्रसभेचे तेरावे अधिवेशन २७ ते २९ डिसेंबर १८९७ या दिवसांत अमरावतीस भरले. अध्यक्ष होते मद्रासचे वकील चेट्टूर शंकरन नायर, वय वर्षे चाळीस. स्वागताध्यक्ष होते अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. प्रतिनिधींची संख्या सुमारे सातशे होती. वऱ्हाड त्या वेळी कायद्याने निजामाचा मुलूख होता. १८५३ च्या तहाने निजामाच्या फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांनी तो आपल्या ताब्यात घेतला होता, आणि सरकारी भाषेत त्याचे नाव ‘हैदराबादचे लावून दिलेले जिल्हे’ असे होते. म्हणजे मालकी एकाची, कारभार दुसऱ्याचा आणि सारा भरणारा तिसराच. अशा प्रांतात देशभरचे प्रतिनिधी जमले, ही घटना स्वतःच अर्थपूर्ण होती.

ते वर्ष मोठे वाईट गेले होते. १८९६ चा पाऊस दगा देऊन गेला होता आणि दुष्काळाने देशाच्या मोठ्या भागाला ग्रासले होते. मुंबई-पुण्यात प्लेग होता. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतर दडपशाहीला ऊत आला. नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, कोणताही खटला न चालवता, अटकेत टाकण्यात आले. ‘केसरी’तील लिखाणाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. मुंबईच्या उच्च न्यायालयात नऊ ज्यूरर बसले, त्यांतील सहा युरोपियन व तीन हिंदी होते. निकालही सहा विरुद्ध तीन असाच लागला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातील ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरला. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. हा कायदा अधिक कडक करण्याची तयारीही सरकारने चालवली होती, आणि १८९८ साली ती दुरुस्ती अमलात आली.

मंडपात बसलेल्या सातशे माणसांच्या मनावर या साऱ्याचे ओझे होते. त्यांतील बहुतेक वकील, संपादक, जमीनदार किंवा व्यापारी होते. ब्रिटिश न्यायावर विश्वास ठेवून अर्जविनंत्या करणे हीच त्यांची राजनीती होती. टिळकांविषयी सर्वांनाच प्रेम होते असेही नव्हे. त्यांच्या मार्गाविषयी अनेकांच्या मनात शंका होत्या. राजद्रोहाच्या कैद्याचे नाव भर सभेत आदराने घ्यावे की घेऊ नये, हा त्या क्षणी प्रत्यक्ष धोक्याचा प्रश्न होता.

ते नाव घेतले सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी. टिळकांच्या राजकारणाशी त्यांचे जमत नव्हते आणि पुढेही कधी जमले नाही. परंतु तुरुंग म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. आपल्या ‘बेंगाली’ पत्रातील लिखाणाबद्दल १८८३ साली न्यायालयाच्या बेअदबीखाली त्यांनी दोन महिने कैद भोगली होती. खटल्याविना डांबून ठेवण्याच्या कायद्यांचा निषेध करता करता त्यांनी तुरुंगातल्या टिळकांकडे मोहरा वळवला. आपले हृदय त्या कोठडीतील माणसाकडे धाव घेत आहे आणि त्याच्यासाठी एक राष्ट्र अश्रू ढाळीत आहे, अशा आशयाचे ते उद्गार होते. मंडप जयघोषाने भरून गेला.

या उद्गारांत इतके काय होते? वक्तृत्व म्हणून पाहिले तर त्या काळच्या इंग्रजी शैलीतील ते एक भावपूर्ण वाक्य. परंतु त्यातील ‘राष्ट्र’ हा शब्द पाहावा. एका बंगाली नेमस्ताने, एका मल्याळी अध्यक्षासमोर, निजामाच्या कागदोपत्री मालकीच्या मराठी प्रांतात, पुण्याच्या एका जहाल संपादकासाठी तो उच्चारला. मतभेद असलेल्या माणसाचा तुरुंगवास हा आपलाही तुरुंगवास मानणे, ही राष्ट्राच्या जन्माची पहिली खूण असते. त्या दिवसापर्यंत राष्ट्रसभा राष्ट्राच्या वतीने अर्ज करीत होती. अमरावतीस तिने राष्ट्राच्या वतीने दुःख व्यक्त केले, आणि सरकारने दोषी ठरवलेल्या माणसासाठी केले. न्यायालयाने ज्याला गुन्हेगार म्हटले, त्याला लोकांनी आपला मानला. पुढच्या पन्नास वर्षांत तुरुंगवासाला जी प्रतिष्ठा लाभली, तिचा आरंभ शोधू गेल्यास तो या मंडपात सापडतो.

येथे भाबडेपणाने विसरू नये अशी एक गोष्ट आहे. भाषण करणारे पुढे त्या भाषणाबरोबर चालले नाहीत. सुरेंद्रनाथ १९२१ साली बंगालचे मंत्री झाले आणि असहकाराच्या लाटेपासून दूर राहिले. शंकरन नायर यांनी १९१९ साली पंजाबातील अत्याचारांच्या निषेधार्थ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला, हे त्यांचे मोठेपण. परंतु गांधीजींच्या चळवळीला त्यांनी कडाडून विरोधच केला. शब्द वक्त्याला मागे टाकून पुढे निघून जातो, असे इतिहासात वारंवार घडते. म्हणूनच भाषणाचे मूल्य वक्त्याच्या पुढील चरित्रावरून ठरवू नये. ते शब्द कोणी उचलले आणि त्यांचे काय केले, यावरून ठरवावे.

त्याच आठवड्यात, त्याच अमरावतीत आणखी एक भाषण झाले. राष्ट्रसभेच्या जोडीने सामाजिक परिषदेचे अकरावे अधिवेशन तेथे भरले होते आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी तेथे भाषण केले. दोनच वर्षांपूर्वी, १८९५ साली, पुण्यास राष्ट्रसभेच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देण्यावरून रणे माजली होती, आणि परिषदेला त्या मंडपाबाहेर काढणाऱ्या पक्षाचे पुढारी टिळकच होते. अमरावतीस रानड्यांनी पुनरुज्जीवनवाद्यांना सरळ प्रश्न केला : जुने परत आणायचे म्हणता, तर त्यातील नेमके काय परत आणायचे? कोणत्या काळाच्या चालीरीती? त्यांनी आपल्या समाजाच्या दुर्बलतेची मुळे मोजून दाखवली. एकमेकांपासून तुटून राहणे, अंतःकरणातील विवेकापेक्षा बाहेरच्या सत्तेला मान तुकवणे, जन्मावरून माणसामाणसांत खोटा भेद मानणे, अन्याय मुकाट्याने सोसणे आणि ऐहिक कल्याणाविषयी उदास राहणे, ही ती मुळे. समाज बदलायचा तर त्याला घडवणाऱ्या या कल्पनाच बदलल्या पाहिजेत, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

या दोन भाषणांचा एकत्र विचार फारसा होत नाही. सुरेंद्रनाथांचे भाषण परक्या सत्तेविरुद्ध होते, रानड्यांचे भाषण घरातल्या सत्तेविरुद्ध होते. पहिल्यावर जयघोष झाला. दुसरे आदराने ऐकून घेतले गेले. आपल्या राष्ट्रीय चळवळीचा पुढील सारा तोल आणि सारा असमतोल यात दिसतो. राष्ट्र रडत आहे, असे सुरेंद्रनाथ म्हणाले. परंतु त्या राष्ट्रात कोण कोण मोडत होते? तीस वर्षांनी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीस आले. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीच्या संदर्भात भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. डॉ. पंजाबराव देशमुख या चळवळीच्या बाजूने उभे राहिले. राष्ट्रसभेचे अमरावती अधिवेशन सुरू झाले त्या दिवसानंतर बरोबर एका वर्षाने, २७ डिसेंबर १८९८ रोजी, याच जिल्ह्यातील पापळ गावी एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला होता. रानड्यांनी मांडलेला प्रश्न तीस वर्षांनंतरही देवळाच्या दाराशी उभा होता, आणि आता तो विचारणारे ज्यांना बाहेर ठेवले होते तेच होते.

आता तिसऱ्या भाषणाविषयी. ते अमरावतीच्या मंडपात झालेच नाही. ते होते कापूस पिकवणाऱ्या कुणब्याचे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली. लोहमार्ग आला, बाजारपेठा वाढल्या, लिव्हरपूलचे भाव तारेने येऊ लागले. वऱ्हाडचा शेतकरी जगाच्या बाजाराशी जोडला गेला, परंतु त्या बाजारावर त्याचा कोणताही अधिकार नव्हता. येथील सारापद्धती मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारीची. सारा रोख द्यायचा आणि ठरलेल्या मुदतीत द्यायचा. म्हणून सुगीला, भाव उतरलेला असतानाच, माल विकावा लागे. उणे पडले की सावकार होताच. आणि पाऊस चुकला म्हणजे कापूसही गेला आणि ज्वारीही गेली. अमरावतीच्या अधिवेशनानंतर दोनच वर्षांनी, १८९९-१९०० साली, वऱ्हाडवर जो दुष्काळ कोसळला त्याचे माप खानेसुमारीत दिसते. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या २८ लक्ष ९७ हजार होती, ती १९०१ साली २७ लक्ष ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे दीड लाखाने घटली.

या माणसाची भाषा मंडपात कोणी बोलत नव्हते. ठराव इंग्रजीत, भाषणे इंग्रजीत. शेतसारा व दुष्काळ यांचा उल्लेख राष्ट्रसभेच्या ठरावांत होत असे, हे खरे. परंतु तो उल्लेख शेतकऱ्याविषयी होता. शेतकऱ्याशी संवाद त्यात नव्हता.

असा संवाद ज्याने सुरू केला होता, तो माणूस नेमका तुरुंगात होता. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी सार्वजनिक सभेमार्फत गावोगाव माणसे पाठवली होती. सरकारनेच केलेला फॅमिन कोड त्यांनी मराठीत लोकांसमोर ठेवला. पीक ठराविक आण्यांखाली आले असेल तर सारा तहकूब करून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे, भांडीकुंडी विकून वा कर्ज काढून तो भरू नका, हे त्यांनी लोकांना सांगितले. यात बंडाची भाषा नव्हती. सरकारी कायदा लोकांच्या भाषेत वाचून दाखवणे, एवढेच त्यात होते. परंतु सरकारला हेच सर्वांत धोक्याचे वाटले. प्रचारकांवर खटले झाले आणि मार्च १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची सरकारी मान्यता काढून घेण्यात आली. राजद्रोहाच्या खटल्याचे कागदोपत्री निमित्त शिवाजी उत्सवासंबंधीचे लिखाण होते. परंतु सरकारच्या रोषामागे ही साराबंदीची छाया होती, हे विसरता येत नाही. मंडपात ज्याच्यासाठी राष्ट्र रडले, तो माणूस शेतकऱ्याला हिशेब शिकवू लागला होता.

हे राहून गेलेले भाषण पुढे तुकड्यातुकड्याने झाले. २८ एप्रिल १९१६ रोजी टिळकांनी बेळगावास होमरूल लीग स्थापन केली. मध्य प्रांत व वऱ्हाड हा तिच्या कार्यक्षेत्राचाच भाग होता. बेळगाव-नगरची व्याख्याने मराठीत होती आणि घरसंसारातील साधे दृष्टांत देऊन केलेली होती. सरकारने पुन्हा कायदा उगारला. वीस हजारांचा जातमुचलका व दहा हजारांचे दोन जामीन मागितले, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. १९३० साली गांधीजी दांडीस गेले, तेव्हा समुद्र नसलेल्या वऱ्हाडने काय करावे, असा प्रश्न होता. अकोला जिल्ह्यातील दहीहंड्याने त्याचे उत्तर दिले. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून तेथे मीठ करण्यात आले. जे पाणी पिकाला चालत नाही आणि माणसाला पिववत नाही, तेच लढ्याचे साधन झाले. त्याच वर्षी १० जुलैला पुसद येथे लोकनायक अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. मीठ आणि गवत या दोन वस्तूंनी स्वराज्याचा अर्थ शेतकऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवला. कोणत्याही इंग्रजी भाषणाला ते शक्य नव्हते.

आणि मग १९४२ आले. ‘चले जाव’चा ठराव सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु त्यातील एक वाक्य समाजवाद्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्वतंत्र हिंदुस्थानातील सारी सत्ता अंतिमतः शेतात, कारखान्यात व अन्यत्र राबणाऱ्या कष्टकऱ्यांची असली पाहिजे, असे त्या ठरावात स्वच्छ म्हटले आहे. त्याच वर्षी जूनमध्ये लुई फिशर यांच्याशी बोलताना, शेतकरी जमीन ताब्यात घेतील आणि जमीनदारांना भरपाई देणे आर्थिकदृष्ट्या शक्यच होणार नाही, अशा अर्थाचे गांधीजी बोलले होते. अमरावती जिल्ह्यातील यावली या तुकडोजी महाराजांच्या जन्मगावी त्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे बळी पडली. आज त्या गावाचे नावच यावली शहीद आहे. १८९७ च्या मंडपात ज्यांना जागा नव्हती, त्यांनी पंचेचाळीस वर्षांनी त्या भाषणाची किंमत चुकती केली.

स्वातंत्र्यानंतर काय घडले, हेही पाहिले पाहिजे. जुलै १९५४ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांनी उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यात भाषण केले. कालव्याच्या पाण्याची वाढवलेली पट्टी शेतकऱ्यांनी भरू नये, हा त्यांचा सांगावा होता. त्यांना अटक झाली ती १९३२ च्या एका विशेषाधिकार कायद्याखाली. म्हणजे सविनय कायदेभंग मोडण्यासाठी इंग्रजांनी केलेला कायदा स्वतंत्र भारताच्या सरकारने लोहियांवर लावला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने लोहियांच्या बाजूने कौल दिला. सरकार अपिलात गेले आणि २१ जानेवारी १९६० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. अशा भाषणाचा सार्वजनिक सुव्यवस्थेशी जोडलेला संबंध फार दूरान्वयाचा आहे, असा तो निर्णय होता. टिळकांचा फॅमिन कोड आणि लोहियांची पाणीपट्टी यांत सत्तावन वर्षांचे अंतर आहे, एका राज्याचे अंतर आहे. परंतु सत्तेला खुपलेला मुद्दा एकच होता : देण्याआधी हिशेब विचारा, असे शेतकऱ्याला कोणीतरी सांगितले.

टिळकांना ज्या कलमाने तुरुंगात धाडले ते १२४-अ स्वातंत्र्यानंतरही दंडसंहितेत राहिले. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मर्यादा घालून ते कायम ठेवले. ११ मे २०२२ रोजी त्याचा अंमल स्थगित करण्यात आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही, परंतु कलम १५२ आहे. देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे, आणि उच्चारलेला वा लिहिलेला शब्दही त्या कक्षेत येतो. देशाचे रक्षण हवेच. परंतु सत्तेवरील टीका म्हणजे देशावरील आघात, असा अर्थ लावणारा स्ट्रॅची प्रत्येक काळात निघू शकतो, हा अमरावतीचा इशारा आहे.

मग आजच्या कार्यकर्त्याने या मंडपातून काय न्यावे? पहिली गोष्ट सुरेंद्रनाथांकडून घ्यावी. आपल्या मताचा नसलेला माणूस मतासाठी तुरुंगात गेला, तर त्याचे नाव सभेत मोठ्याने घ्यावे. आपल्या गटाच्या कैद्यासाठी कोणीही रडतो. दुसरी गोष्ट रानड्यांकडून घ्यावी. सरकारला विचारतो तितकाच परखड प्रश्न आपल्या जातीला, आपल्या घराला आणि आपल्या संघटनेलाही विचारावा. तिसरी गोष्ट सार्वजनिक सभेच्या त्या अनाम प्रचारकांकडून घ्यावी, आणि वऱ्हाडात आज तीच सर्वांत निकडीची आहे.

जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्या सहांपैकी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम हे पाच जिल्हे म्हणजे जुना वऱ्हाडच होय. योजना आल्या आणि गेल्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबल्या नाहीत. रोख खर्च आधी करायचा, भाव दुसऱ्याने ठरवायचा, पाऊस चुकला की कर्ज घ्यायचे, हे १८९७ चे गणित तपशिलात बदलले, पण त्याची मांडणी बदललेली नाही. जुन्या आणेवारीची आज पैसेवारी झाली आहे. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर गावाच्या सवलती वर्षानुवर्षे ठरत आल्या. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर पावसाची तूट, पेरणी, जमिनीतील ओल, उपग्रहाने टिपलेली पिकांची अवस्था अशा नव्या कसोट्या आल्या. पैसेवारी मात्र अजूनही जाहीर होते. ती कोणत्या शेतातील पीककापणीवरून काढली, समितीत कोण होते, हरकत कोठे घ्यावी, पीकविम्याची सूचना किती तासांत द्यावी, हे गावातील किती जणांना माहीत असते?

टिळकांच्या माणसांनी फॅमिन कोड वाचून दाखवला, तसे हे नियम पारावर बसून साध्या वऱ्हाडीत वाचून दाखवण्याचे काम आज कोणाचे आहे? त्यासाठी मोठा वक्ता लागत नाही, मंडप लागत नाही. चार माणसे, नियमांची एक प्रत आणि गावात पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी लागते. अमरावती विभागाची खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर जाहीर होत असते. राष्ट्रसभेचा मंडप अमरावतीत उभा राहिला होता तेही हेच दिवस. या डिसेंबरात त्या आकड्यापुढे आपल्या गावाचे नाव शोधणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक गावी उभा राहिला, तर अमरावतीच्या मंडपात राहून गेलेले ते तिसरे भाषण पुरे होण्यास आरंभ होईल.